आक्काचा डावा डोळा

माझ्या सासूबाईंचा डोळा ज्या डॉक्टरनं चांगला केला, त्याच डॉक्टरच्या हातून माझ्या बहिणीचा डोळा गेला होता. सासूबाई जिवंत होत्या तोवर त्याला देवमाणूस म्हणायच्या. त्यांनी तसं म्हटलं की मी चुलीतलं लाकूड गरजेपेक्षा जरा जोरातच आत ढकलायची. त्यांना वाटायचं, सून तापट आहे. तापट मी आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण ते लाकूड त्या तापटपणाचं नव्हतं.

माझं माहेर मुर्ध्याचं. घराच्या मागे भाताची खाचरं, त्यापलीकडे मिठागरं आणि मग खाडी. वडील मी लहान असतानाच वारले. आई दिवाळीनंतर मिठागरावर कामाला जायची आणि पावसाळ्यात लोकांच्या शेतात लावणीला. घरात आम्ही तिघीच, आई, माझी थोरली बहीण आणि मी. थोरलीला मी आक्का म्हणायची. ती रांगायला लागली असेल नसेल तेव्हा तिला देवी आल्या. जीव वाचला, पण दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. बुबुळावर पांढरा डाग, दुधाच्या सायीसारखा. दार उघडं आहे की बंद, दारात कुणी उभं आहे की नाही, एवढं तिला कळायचं. बाकी काही नाही.

कुणाला वाटेल, आंधळी पोर म्हणजे कोपऱ्यात बसलेली असेल. आक्का कोपऱ्यात बसणारी नव्हती. तांदूळ ती निवडायची, सुकी मासळी ती साफ करायची, आणि मीठ वाहायच्या टोपल्यांच्या फुटलेल्या कडा तिच्याइतक्या घट्ट कुणालाच बांधता यायच्या नाहीत. मी पाय घासत चालते म्हणून मला म्हैस म्हणायची. मी चिडले की आणखी म्हणायची.

खंत होती ती आईला. लग्न होत नाही ही नव्हे, ती तिनं केव्हाच गिळली होती. तिची खंत वेगळी होती. आई देखणी होती. मुलगी म्हणून सांगत नाही, आगरावरच्या बायकाही म्हणायच्या. मुकादमसुद्धा तिच्याशी बोलताना टोपी नीट करायचा. आणि तिला ते माहीत होतं. नाकातली मोरणी ती घासूनपुसून लख्ख ठेवायची. पोटच्या पोरीनं आपलं तोंड कधी पाहिलं नाही, हे तिला सलायचं. सणासुदीला नेसली-सवरली की आक्काला जवळ बसवायची, तिचा हात घेऊन आपल्या तोंडावरून फिरवायची आणि म्हणायची, “एकदा मना बघ ग बाय. एकदाच.”

मी मराठी सातवीला होते तेव्हा आमच्या शाळेवर उत्तनकडचे एक ख्रिस्ती मास्तर होते. त्यांनी मला एकदा सांगितलं, मुंबईला डोळ्यांचं एक इस्पितळ आहे, तिथले मोठे डॉक्टर विलायतेहून एक नवी विद्या शिकून आलेत. एकाच्या डोळ्यावरची काच काढून दुसऱ्याच्या डोळ्याला बसवतात. मी घरी येऊन सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. पुढची भाकरी तिनं थापलीच नाही, पीठ तसंच ठेवून मास्तरांच्या घरी गेली.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. मास्तर आम्हाला स्वतः इस्पितळात घेऊन गेले. मी बरोबर होते, कारण आईला पाट्या वाचता येत नव्हत्या आणि मास्तर काही तिथे राहणार नव्हते. मोठ्या डॉक्टरांनी आक्काचे डोळे दिव्यानं पाहिले. म्हणाले, डाव्या डोळ्याची आतली ज्योत जास्त शाबूत आहे, वरची खिडकी तेवढी मळली आहे. खिडकी बदलून बघू. मग मास्तरांशी इंग्रजीत काही बोलले. मास्तरांनी बाहेर येऊन जरा चाचरतच सांगितलं, की मोठे डॉक्टर स्वतः करणार नाहीत, त्यांचा शिष्य करणार आहे. मोठे डॉक्टर शेजारी उभे राहतील. विद्या नवी आहे, शिष्यांना शिकवायला हवी, आणि ती कुणाच्या तरी डोळ्यावरच शिकता येते.

आईनं विचारलं, पोरगा कसा आहे. मास्तर म्हणाले, हुशार आहे. आई म्हणाली, त्यालापण आई असेल, तो मुद्दाम वाईट कशाला करेल. झालं, ठरलं.

तो शिकाऊ डॉक्टर आम्हाला दुसऱ्या दिवशी भेटला. उंच, किडकिडीत, मिशी अजून नीट भरलेली नव्हती. आक्काला अहो-जाहो करायचा. तिला आयुष्यात कुणी अहो म्हटलं नव्हतं, तिला हसूच येत राहिलं. झाडलोट करणाऱ्या बाईनं आम्हाला सांगितलं, की हा रोज सकाळी खाटकाकडून बोकडाचे डोळे मागवतो आणि त्यांवर कापायचा, शिवायचा सराव करतो. आईला ते ऐकून बरं वाटलं. म्हणाली, सराव करतोय म्हणजे कामाचा आहे.

डोळा मिळायला बरेच दिवस लागले. शेवटी मिळाला तो एका गुजराती व्यापाऱ्याचा. त्याच्या एका डोळ्याला आतून रोग झाला होता, दिसत काही नव्हतं आणि ठणका थांबत नव्हता, म्हणून तो काढूनच टाकायचा होता. वरची काच मात्र स्वच्छ होती. डोळ्याला पट्टी बांधलेला तो गृहस्थ बाहेर बाकावर बसलेला आईनं पाहिला. तिला राहवेना. घरून आणलेल्या सुक्या बोंबलांची पुडी तिनं त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती नाकाजवळ नेली आणि घाईघाईनं परत दिली, पण दिली हात जोडून. आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, आता माझा डावा डोळा मासळी बघून मिटेल. त्या दिवशी आम्ही तिघी खूप हसलो. त्यानंतर तिघी मिळून तशा हसलेल्या मला आठवत नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी आक्का जागी होती. डोळ्यात औषध घालून तो तेवढा बधिर केला होता. नंतर तिनं मला सांगितलं, की त्याचा हात थरथरत नव्हता, श्वास थरथरत होता. मोठे डॉक्टर मधूनमधून एखादा शब्द बोलायचे. मग एकदा ते काहीतरी चटकन बोलले, आणि त्यानंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही. बसवलेला तुकडा हलू नये म्हणून अंड्याच्या कवचाच्या आतली पातळ त्वचा त्यावर पसरली आणि वरून रेशमाचे टाके फुलीसारखे घातले. अंड्याचं ऐकल्यावर आईनं मला विचारायला पाठवलं, की अंडं गावठी कोंबडीचंच होतं ना. मी विचारलं नाही. मला लाज वाटली.

मग ते पडून राहणं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, शिंकायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही, रडायचं तर नाहीच. पेज चोचीच्या भांड्यानं पाजायची. आक्कासारखी बडबडी पोर लाकडासारखी पडून राहिली. मी शेजारी बसून तिला जे दिसेल ते सांगत राहायची. खिडकीवर कावळा बसलाय, पलीकडच्या खाटेवरची म्हातारी चोरून तपकीर ओढतेय, परिचारिकेनं आज नवी चप्पल घातलीय. आज आई काय नेसली आहे, तेही. मला दुसरं काही काम नव्हतं.

पट्टी सोडायचा दिवस आला. शिकाऊ डॉक्टरनं स्वतः सोडली. मोठे डॉक्टर मागे उभे. आईला त्यांनी दारातच थांबायला सांगितलं होतं. मी खाटेच्या पायथ्याशी होते, मला आक्काचा डोळा नीट दिसला नाही, लाल होता एवढं दिसलं. तो शिकाऊ डॉक्टर पांढराफटक पडला होता. त्यानं हात वर धरला आणि विचारलं, किती बोटं आहेत.

आक्का जरा थांबली. मग म्हणाली, “दोन.”

दोनच होती. त्याच्या तोंडावर एकदम रक्त आलं. तो मोठ्या डॉक्टरांकडे वळला, तोवर आक्कानं मान न हलवता दाराच्या दिशेनं म्हटलं, “आये, हिरवा लुगडा नेसलीस. चांगली दिसतंस.”

आईनं पदर तोंडात कोंबला. रडलं तर पोरही रडेल आणि डोळा बिघडेल, एवढं तिला त्याही वेळी कळत होतं. तिचं ते तोंड मी विसरलेले नाही. एवढा आनंद माणसाच्या तोंडावर मावतो हे मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं, आणि नंतर कुठेही पाहिलं नाही, माझी मुलं झाली तेव्हाही नाही. मोठ्या डॉक्टरांनी दिवा धरून पाहिलं, अजून गढूळ आहे, हळूहळू निवळेल म्हणाले, आणि शिष्याच्या पाठीवर थाप मारली.

घरी सोडताना शिकाऊ डॉक्टरनं बजावून सांगितलं, ओझं उचलायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही, खाली वाकायचं नाही. आईनं सगळं ऐकलं आणि सगळं पाळलं. आक्काला तिनं दारातलं पायपुसणंही उचलू दिलं नाही. पण आईनं गावदेवीला नवस केला होता. डोळा आला तर चांदीचे डोळे वाहीन, आणि पोर स्वतः येऊन पायरीला कपाळ टेकवेल. आमच्याकडे नवस फेडायचा राहिला तर दिलेलं परत जातं असं मानतात. आईला डॉक्टरचं सांगणं आठवत नव्हतं असं नाही. पण तिच्या मनात डॉक्टरचं सांगणं घरापुरतं, शेतापुरतं, कामापुरतं होतं. देवीच्या पायरीवर काही वाईट होईल, हे तिच्या डोक्यात शिरण्यासारखंच नव्हतं. उलट नवस न फेडता बसण्याची भीती तिला जास्त होती. मीसुद्धा काही बोलले नाही. मलाही तसंच वाटत होतं.

पौर्णिमेला आम्ही गेलो. आईनं आक्काला दोन्ही खांद्यांना धरलं, अगदी अलगद, आणि हळूहळू खाली वाकवलं. कपाळ पायरीला लागलं. देवीपुढे चांदीचे डोळे ठेवले. परतताना आई गुणगुणत होती.

दोन-तीन दिवसांत डोळा ठणकायला लागला. लालभडक झाला, पाणी थांबेना. आम्ही पुन्हा इस्पितळात. शिकाऊ डॉक्टरनं दिवा धरून पाहिलं. मग त्यानं विचारलं, काय झालं, कुठे धडपडल्या का, ओझं उचललं का. खोटं बोलणं आईच्या स्वभावात नव्हतं. तिनं पायरीचं सांगितलं.

त्यानं डोळे मिटून घेतले. म्हणाला, “वाकू नका म्हणून सांगितलं होतं ना मी.” एवढंच. मोठे डॉक्टर मात्र बोलले, खूप बोलले. अडाणीपणा म्हणाले, इतक्यांची मेहनत पाण्यात घातली म्हणाले. आई खाली मान घालून ऐकत होती. मग मोठ्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर पुन्हा प्रयत्न करू असंही म्हटलं, पण आई नको म्हणाली. आपण तिच्या लायकीचे नाही म्हणाली. तिच्या म्हणजे कुणाच्या, हे मला तेव्हा कळलं नाही. आक्काच्या, असं तिला म्हणायचं होतं.

त्यानंतर आई बदलली. काम करायची, जेवायची, बोलायची, पण स्वतःवर दात खाऊन. गावदेवीला जायचं तिनं सोडलं नाही. जायची, पण पायरीपुढे ताठ उभी राहायची. हात जोडायची नाही, वाकायची नाही. देवीकडे बघत उभी राहायची आणि परत यायची. बायका कुजबुजायच्या. कुणी काही बोललं तर म्हणायची, “मी माज्या हातानं पोरीचा डोळा घालवला हाय, मान कसली वाकवू.” आणि त्याच बायकांना, कधी विहिरीवर, कधी आगरावर, ती हेही सांगायची की त्याआधी माझ्या पोरीनं मला पाहिलं होतं. हिरवं लुगडं ओळखलं होतं तिनं, चांगली दिसतेस म्हणाली होती. या दोन गोष्टी ती नेहमी एकापाठोपाठ एक सांगायची. मला वाटायचं, पहिली सांगताना मन फार जड होतं म्हणून दुसरी सांगते. आक्का हे सगळं ऐकत टोपली बांधत बसलेली असायची. एका शब्दानं बोलायची नाही.

लढाईच्या दिवसांत माझं लग्न झालं. सासर जवळच, भाईंदर गावात. नवरा स्वभावानं गरीब, सासूबाई तिखट. पण आमचं जमलं, कारण मीही काही गुळाची ढेप नव्हते. लढाई संपल्यानंतर एका वर्षी भाताच्या झोडणीत सासूबाईंच्या डोळ्यात कुसळ गेलं. त्यांनी ते पदरानं चोळलं, मग कुणी सांगितला म्हणून पाला पिळला. जखम चिघळली आणि भरली ती पांढरा डाग टाकून. दुसरा डोळा आधीच अधू. बाई चाचपडायला लागल्या. नवऱ्यानं कुठून तरी माहिती काढली आणि आम्ही त्यांना मुंबईला नेलं. कुठल्या इस्पितळात, हे मला दारात उतरल्यावर कळलं.

मोठे डॉक्टर आता नव्हते. त्यांच्या खुर्चीवर तोच बसला होता. कानशिलं वयाआधीच पांढरी झालेली, अंगानं भरलेला. त्याच्या मागे दोन शिकाऊ मुलं उभी. त्यानं मला ओळखलं नाही, आणि मी ओळख दिली नाही. मला एकदा वाटलं, नवऱ्याला सांगावं, आपण दुसरीकडे जाऊ. पण ही विद्या येणारा दुसरा कुणी मला कुठे माहीत होता? आणि मनात एक दुष्ट विचार आला, तो लिहूनच टाकते. मला बघायचं होतं, याचं काय होतं ते.

याचं काहीच वाईट झालं नाही. शस्त्रक्रिया त्यानं स्वतः केली. पट्टी सोडली तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यावरची काच इतकी नितळ होती, की मला खिडकीचा चौकोन तिच्यात दिसला. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, मुलाकडे पाहून मान डोलावली, मग माझ्याकडे वळल्या. “सूनबाई, तू एवढी काळवंडलीस कधी गं?” सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता उठून बाहेर नळाकडे गेले, कारण मला हुंदका आवरेना.

डॉक्टर बाहेर आला. त्याला वाटलं, आनंदानं रडते आहे. मी तोंड धुतलं आणि त्याला सांगितलं, मी कोण ते. मुर्ध्याची. देवीला नमस्कार केला म्हणून जिचा डोळा गेला, तिची बहीण.

तो भिंतीला टेकला. मग म्हणाला, “नमस्कारानं नाही गेला तो.”

त्यानं सावकाश सांगितलं. वाटीची कड दाबून पुरी काढावी तसं गोल पात्यानं तो भाग कापून काढायचा असतो. आक्काच्या वेळी त्याचं पातं तिरकं बसलं. खळगा तिरका झाला आणि नवा तुकडा एका कडेला वर राहिला. त्या फटीत आतला पडदा येऊन चिकटला. पट्टी सोडली त्याच दिवशी तो तुकडा मेलेला होता. निवळणार नव्हताच. नमस्कार केला असता काय, नसता काय. तेव्हा त्याला हे माहीत नव्हतं. आक्काच्या नंतर त्याच्या हातून आणखी काही डोळे गेले, आणि मग हळूहळू ते राहायला लागले. ते गेलेले डोळे जाता जाता शिकवून गेले, असं तो म्हणाला.

मी विचारलं, नंतर कळल्यावर तरी का नाही सांगितलंत? तो म्हणाला, “तुमच्या आईनं पायरीचं सांगितलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर कळलं तेव्हा तुम्हाला कुठे शोधू, अशी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर शोधलं नाही.” मग तो म्हणाला, “एक मात्र मला अजून कळत नाही. त्या तुकड्यातून त्यांना माझी बोटं दिसली कशी?”

त्या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, आईला सांगायचं. इतकी वर्षं ती बाई देवीपुढे ताठ उभी राहत आली, आणि चूक तिची नव्हतीच. डॉक्टरला मी काही बोलले नाही. वाईट बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण आत खाटेवर सासूबाई चहा मागत होत्या आणि त्यांना कपबशीवरची फुलं दिसत होती. ती फुलं दिसण्यासाठी आक्काचा डोळा गेला होता. कुणावर ओरडायचं ते मला कळेना.

सासूबाईंना घरी पोहोचवलं आणि मी तशीच मुर्ध्याला गेले. आई त्या वर्षी फार थकली होती. छातीत कफ धरला होता, आगरावर जाणं सुटलं होतं. ती खाटेवर होती, आक्का तिचे पाय चेपत होती. मी दम न घेता सगळं सांगितलं. डॉक्टर भेटला, तोच तो, तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला की चूक माझी होती, पातं तिरकं पडलं, डोळा पहिल्या दिवसापासूनच मेलेला होता, पायरीचा काही संबंध नाही. आई, तुझा काही दोष नव्हता गं.

मला वाटलं होतं, ती रडेल. मला मिठी मारेल. तसं काही झालं नाही. आक्काचे हात तिच्या पायावर थांबले होते.

आईनं विचारलं, “पैल्या दिवसापासून?”

मी म्हटलं, हो, पट्टी सोडली तेव्हापासूनच.

आई अडाणी होती, पण तिचा हिशेब कधी चुकत नसे. जे माझ्या डोक्यात रस्ताभर आलं नव्हतं, ते तिच्या डोक्यात तिथल्या तिथे आलं. ती कोपरावर रेलून उठली आणि आक्काकडे बघून म्हणाली, “बाय, खरा सांग. त्या दिवशी तू मना बघितलास का न्हाय?”

आक्कानं लगेच उत्तर दिलं. तिच्या आवाजात काही नव्हतं, नेहमीचाच आवाज. “बघितला ना आये. हिरवा लुगडा. नाकात मोरणी.”

आई परत आडवी झाली. तिचं तोंड सैल झालं. “मग त्या डॉक्टरला काय कलतंय,” ती म्हणाली. “डोला चांगला होता. मीच घालवला.” आणि हे ती दुःखानं म्हणाली नाही. पांघरूण नीट ओढून घेतलं तिनं, जे आपलं आहे ते कुणी काढून न्यायला आलं होतं आणि ते आपण जाऊ दिलं नाही, अशा समाधानानं.

मी रागावले. आईवर, आक्कावर, डॉक्टरवर. चहाही न घेता निघाले. डॉक्टर खोटं कशाला बोलेल, हे मला कळत होतं, आणि आक्का खोटं बोलेल असं वाटत नव्हतं. दोन्ही खरं कसं असेल, याचा विचार मी केला नाही. मला तो करायचाच नव्हता, असं आता वाटतं.

त्याच हिवाळ्यात आई गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले. शेजारच्या बायका भांडी घासून, अंगण सारवून घरी गेल्या. दुपारची वेळ होती. आक्का आणि मी ओट्यावर बसलो होतो. आक्कानं कानोसा घेतला, शेवटच्या बाईची पावलं गल्लीत वळेपर्यंत थांबली, आणि मग मला हळू आवाजात विचारलं, “आई दिसायला कशी होती गं?”

मी तिच्याकडे पाहिलं.

“लोकं असताना विचारता येत न्हाय,” ती म्हणाली. “सगल्यांना ठाऊक हाय ना मी बघितलं म्हणून. आई होती तोपर्यंत तर तुलाबी कसं विचारणार.”

मग तिनं सांगितलं, एखादी जुनी साधी गोष्ट सांगावी तसं. त्या दिवशी तिला काहीच दिसलं नव्हतं. आधी दिसायची तेवढीच सावली. माणसं बोटं दाखवतात तेव्हा पहिल्यांदा बहुतेक दोनच दाखवतात, म्हणून दोन म्हणाली. त्या पोराचा श्वास पुन्हा तसाच थरथरत होता, आणि आई दारात उभी होती. हिरव्या लुगड्याचं सकाळी मीच तिला सांगितलं होतं. हळूहळू निवळेल असं मोठे डॉक्टर म्हणणारच होते, इतरांना तसंच म्हणालेलं तिनं ऐकलं होतं. तिला वाटलं, आज बोलून टाकावं, चार दिवसांनी दिसेलच, मग खोटं कुठे राहिलं. ते चार दिवस आलेच नाहीत. मधे पायरी आली. आई स्वतःला दोष द्यायला लागली तेव्हा आक्का खरं सांगायला निघाली होती, अनेकदा निघाली होती. पण प्रत्येक वेळी आई दोष सांगून झाल्यावर लगेच लुगड्याचं सांगायची. एक काढून घ्यायचं तर दुसरंही जाणार होतं.

मी तिचा हात धरला. तिचा हात कोरडा होता, माझाच घामानं ओला होता.

“सांग ना,” ती म्हणाली.

मी सांगायला लागले. म्हटलं, कपाळ रुंद होतं. नाक सरळ, शेंड्याला जरासं वर. हनुवटीवर खळी. आक्का मान हलवत होती. मग तिनं मला थांबवलं.

“ते सगलं हाताला ठाऊक हाय,” ती म्हणाली. “बघायला कशी होती ते सांग.”

मी आईला जन्मभर पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं, रागानं, प्रेमानं, न बघताही पाहिलं होतं. आक्का माझ्याकडे तोंड करून वाट बघत बसली होती, आणि मला काही केल्या सांगता येईना.